किटबॅग माळ्यावर जायच्या आधी

उद्या सकाळी साडेनऊला आझाद मैदानावर हॅरिस शील्डची मॅच आहे. एका बाजूला आमच्या भाचेबुवांची शाळा आणि दुसऱ्या बाजूला... जाऊ दे, नाव नको. दोन्ही शाळांची नावं मुद्दामच देत नाहीये. पोरं पंधरा-सोळा वर्षांची आहेत, त्यांच्याबद्दल पुढे जे काही बरं-वाईट लिहिणार आहे ते नावानिशी लिहिणं बरं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. (पुण्याच्या मावशी, तुला कळलं असेल तरी फोनवर सगळ्यांना सांगत बसू नकोस.)

मोठ्या मॅचच्या आदल्या दिवशी पेपरात कसं येतं बघा. कोण फॉर्मात आहे, कुणाचा गुडघा दुखतोय, खेळपट्टी कशी आहे, नाणेफेक जिंकली तर काय करावं. शाळेच्या मॅचबद्दल आदल्या दिवशी कुणी ओळ लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर कोपऱ्यात बारीक टाइपात धावफलक येतो आणि त्यात पडलेल्या पोरांची आडनावंसुद्धा कधीकधी चुकलेली असतात. म्हणून म्हटलं, निदान एकदा तरी आपण आधी लिहावं. निकाल लागल्यावर शहाणपण सगळ्यांनाच येतं.

ज्यांचं लहानपण मुंबईबाहेर गेलं त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅरिस शील्ड ही मुंबईतल्या सोळा वर्षांखालच्या शाळकरी मुलांची स्पर्धा. चौदाखालच्यांची ती गाइल्स शील्ड. दोन्ही भरवते ती मुंबई शालेय क्रीडा संघटना, स्थापना १८९३. हॅरिस हे १८९० ते ९५ मधले मुंबईचे गव्हर्नर, त्याआधी इंग्लंडचे कप्तान. साहेब गेला, ढाल राहिली. तिला सव्वाशेच्या वर वर्षं होऊन गेली.

स्पर्धा बाद पद्धतीची. हरलात की घरी. आमच्या फेरीची मॅच दोन दिवसांची आहे, आणि दोन दिवसांत दोन्ही संघांचे दोन-दोन डाव पुरे होणं कठीण. मग निकाल लागतो पहिल्या डावाच्या आघाडीवर. यातली मेख नीट समजून घ्या, कारण उद्याची सगळी मॅच तिच्यावर फिरणार आहे. कसोटीत दुबळा संघ किल्ला लढवून मॅच अनिर्णित ठेवू शकतो, आणि तेही मानाचं असतं. इथे ती सोय नाही. तुम्ही दिवसभर उभे राहिलात, नऊ विकेट शिल्लक ठेवल्यात, पण समोरच्यापेक्षा धावा कमी असल्या तर तुमचा उपयोग शून्य. वाचवण्यासारखं काही नसतंच. जिंकायलाच लागतं.

आता संघांकडे वळू.

समोरची शाळा तगडी आहे. त्यांचा ओपनर डावखुरा, मागच्या फेरीत त्याने दोनशेच्या वर केल्या. मी त्याला अर्धा तास नेट्समध्ये बघितलंय. सुरुवातीच्या ओव्हरमध्ये तो ऑफ स्टंपच्या बाहेरच्या बॉलला उगाच बॅट लावायला जातो. एकदा वीस-पंचवीस झाल्या की मात्र त्याला कुणी आठवण करून दिल्याशिवाय तो आऊट होत नाही. त्यांच्याकडे दोन स्पिनर आहेत, त्यातला लेगस्पिनर चांगला आहे. आणि त्यांच्याकडे बारावा, तेरावा, चौदावा खेळाडू आहे, जे आमच्याकडे आले असते तर थेट चौथ्या नंबरवर खेळले असते.

यात कुणी लबाडी केली असं नाही. मुंबईत हे पूर्वीपासून चालत आलंय. चांगला खेळणारा मुलगा दिसला की कोच सांगतो, शाळा बदल. सचिनसुद्धा आधी वांद्र्याच्या शाळेत होता. आचरेकर सरांनी सांगितलं म्हणून तो दादरच्या शारदाश्रमात आला आणि शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला लागला. तो शाळा बदलला नसता तर पुढे काय झालं असतं कुणास ठाऊक. पण ज्या शाळांतून अशी मुलं निघून जातात त्या शाळांनाही त्याच ढालीसाठी त्याच मैदानावर उतरायचं असतं, एवढं लक्षात ठेवा.

आमची शाळा त्यातली. ठरलेलं मैदान नाही. सराव वडाळ्याला मिळेल त्या कोपऱ्यात, पावसात तोही नाही. कोच म्हणजे शाळेचे पीटीचे सरच, पण माणूस खडूस. मुंबईच्या क्रिकेटमध्ये 'खडूस' ही शिवी नसून पदवी आहे हे जाणकारांना सांगायला नकोच. जमेच्या बाजूला एक ऑफस्पिनर, जो बॉल वळवत नाही पण एका जागेवर दिवसभर टाकू शकतो. एक उंच पोरगा आहे, शिवडीहून येतो, पहिल्या पाच ओव्हर खरोखर वेगात टाकतो आणि सहाव्या ओव्हरपासून त्याचे बूट त्याला जड होतात. कॅप्टन तीन नंबरला येतो, दोन्ही फेऱ्यांत पन्नाशी केलीय. आणि सातव्या नंबरला, ग्लोव्हज घालून, आमचे भाचेबुवा.

त्याच्या कीपर होण्याची हकिकत सांगण्यासारखी आहे. ताई-भाऊजी राहतात अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीत, म्हणजे केंद्र सरकारी नोकरांच्या क्वार्टर्समध्ये. माझं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. कॉलनी सेक्टरांत विभागलेली, इमारतींच्या मधे मोकळ्या जागा, आणि एकाच जिन्यावर चार भाषा. ताईच्या समोर मल्याळी कुटुंब, खाली बिहारचे, वर नागपूरकर. बदल्या चालूच असतात, त्यामुळे कॉलनीतली क्रिकेट टीमही दर एक-दोन वर्षांनी नवी. आज जो तुमचा ओपनिंग पार्टनर आहे तो जूनमध्ये दिल्लीच्या शाळेत असतो. तर या टीममध्ये हा सगळ्यात लहान. स्टंपच्या मागे (स्टंप म्हणजे तीन विटा) पावसाळी गटार होतं. नियम असा, की बॉल गटारात गेला तर तो कीपरने काढायचा. साहजिकच कीपर व्हायला कुणी तयार नसायचं, साहजिकच सगळ्यात लहानाला उभं करायचे. गटारात हात घालायचा नसेल तर बॉल मागे जाऊ द्यायचा नाही, हे त्याला सातव्या वर्षी कळलं. बाकीचं तंत्र पुढे सरांनी शिकवलं, पण पाया त्या गटाराने घातला असं माझं प्रामाणिक मत आहे.

बॅटिंग त्याची बेताची. दोन फेऱ्यांत मिळून एकोणीस धावा. पण सात झेल आणि दोन स्टंपिंग. धावफलकात ते दुसऱ्याच्या नावापुढे लागतात, बोलरच्या. मी त्याला एकनाथ सोलकरांची गोष्ट सांगत असतो. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, वाढला तिथेच मैदानाच्या कडेला. २७ कसोटींत ५३ झेल, तेही कीपर नसताना, बहुतेक शॉर्ट लेगला बॅटच्या नाकाशी उभं राहून, हेल्मेट नसलेल्या काळात. भाचा म्हणतो, "मामा, हे तू चौथ्यांदा सांगतोयस." सांगू दे की. सोलकर कितीही वेळा सांगावेत असेच आहेत.

टॉसबद्दल घरात दोन पक्ष आहेत. सरांचं म्हणणं, जिंकलो तर फिल्डिंग. हिवाळ्यात सकाळी पहिला तासभर खेळपट्टीत ओल असते, शिवडीकराच्या पाच ओव्हर तिथेच वसूल करा, डावखुऱ्याला अकराच्या आत काढा. कॅप्टनचं म्हणणं, आधी बॅटिंग. अडीचशे लावा आणि मग त्यांना मागे पळू दे. मोठ्या शाळेवर दडपण असतं ते हरण्याचं, आपल्यावर कसलं? मला विचाराल तर मी कॅप्टनच्या बाजूने. समोरच्यांनी आधी खेळून पहिला दिवस घेतला, तर दुसऱ्या दिवशी आमची पोरं चारशेच्या मागे लागतील, आणि बाद पद्धतीत चारशेच्या मागे लागणं म्हणजे मॅच संपलेली असताना दिवसभर मैदानात थांबणं. पण भाचा सरांच्या बाजूने आहे. का, तर नव्या बॉलवर त्याला झेल येतील. कीपर लोक स्वार्थी असतात.

मैदानाचंही सांगितलं पाहिजे. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या आहेत. एका मॅचचा मिडविकेट म्हणजे दुसऱ्या मॅचचा थर्ड मॅन. तुमचा फिल्डर दुसऱ्यांच्या पॉइंटला पाठ लावून उभा असतो, आणि "बॉल, बॉल!" अशी आरोळी आली की चार मॅचमधली पोरं डोकं झाकतात. नवख्या टीमचा पहिला तास तर नुसता गांगरण्यात जातो. आमची पोरं या मोसमात इथे दोनदा खेळली आहेत, हा फायदा धरायला हरकत नाही.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्याशिवाय हॅरिस शील्डवर काही लिहिताच येत नाही. फेब्रुवारी १९८८, हेच आझाद मैदान, उपांत्य सामना, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. २ बाद ८४ वर सचिन आणि कांबळी एकत्र आले ते पुन्हा वेगळे झालेच नाहीत. ६६४ ची अखंड भागीदारी. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, शारदाश्रम २ बाद ७४८. हे आकडे आपल्याकडे पाढ्यांसारखे पाठ आहेत.

मला मात्र गेले काही दिवस त्या मॅचमधली दुसरी पोरं आठवताहेत. त्या दिवशी झेवियर्सकडून ६६४ धावा होईपर्यंत बॉलिंग करणाऱ्यांमध्ये साईराज बहुतुले होता. पंधरा वर्षांचा. दुसऱ्या दिवशी तो मैदानावर परत कसा आला असेल? पण आला. पुढे मुंबईसाठी वर्षानुवर्षं बॉलिंग केली, २००१ मध्ये भारताकडून कसोटीही खेळला. आणि शारदाश्रमच्या तंबूत पुढच्या नंबरचा एक तेरा वर्षांचा मुलगा पॅड बांधून बसला होता. बसूनच राहिला. अमोल मुजुमदार. त्याचा नंबर आलाच नाही. त्याने पुढे रणजी पदार्पणात २६० केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, २००६-०७ मध्ये मुंबईला कप्तान म्हणून रणजी जिंकून दिली, आणि तरी भारताच्या संघात त्याचा नंबर कधीच लागला नाही. मग २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक हाच होता. मैदान नेरुळचं. म्हणजे आमच्याच हार्बर लाइनवर, फक्त उलट्या दिशेची गाडी.

त्या सकाळी १९८८ मध्ये कुणी माझ्यासारखा अंदाज लिहायला बसला असता, तर त्याने शारदाश्रम जिंकणार हे बरोबर लिहिलं असतं. ते काही अवघड नव्हतं. पण पॅड बांधून बसलेल्याबद्दल आणि मार खाणाऱ्याबद्दल त्याने काय लिहिलं असतं? बहुतेक काहीच नाही.

आणि उलटही होतं. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने भंडारी कपच्या मॅचमध्ये एका डावात नाबाद १००९ केल्या. जगभर नाव झालं. एवढ्या मोठ्या आकड्याने त्याच्यापुढची वाट काही सोपी केली नाही. त्या मॅचमध्ये समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ वर आटोपले होते. त्या अकरा पोरांची नावं तुम्हाला-मला माहीत नाहीत, पण त्यातल्या एखाद्याला अजूनही आपण त्या दिवशी अडवलेले चार रन आठवत असतील, याची मला खात्री आहे.

म्हणून मला वाटायला लागलंय की शाळेच्या मॅचचा खरा अंदाज 'कोण जिंकणार' हा नसतोच. बावीस पोरांपैकी वीस जणांसाठी हेच त्यांचं सर्वात मोठं क्रिकेट असतं. यापुढे त्यांच्यासाठी कुणी पांढरे कपडे घालून, अंपायर उभे करून, धावफलक लिहून मॅच भरवणार नाही. ऑफिसच्या टीममध्ये खेळतील, कॉलनीत रविवारी खेळतील. पण ढालीसाठी नाही.

आमच्याकडे तर हे अगदी तारीखवार ठरलेलं आहे. भाचा दहावीला आहे. जूनमध्ये भाऊजींनी त्याच्याशी करार केला. शाळेची टीम स्पर्धेत आहे तोवर खेळायचं. हरली, की त्याच संध्याकाळी किटबॅग माळ्यावर, आणि बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत ती खाली येणार नाही. भाऊजी काही क्रिकेटचे वैरी नाहीत. साध्या घरातून परीक्षा देत देत सरकारी नोकरीत आलेला माणूस, त्यांना परीक्षेने काय दिलं हे ते विसरू शकत नाहीत. आणि खरं सांगायचं तर करार करताना त्यांचा हिशोब सरळ होता. ही टीम पहिल्या फेरीत जाणार, डिसेंबरात पोरगा पुस्तकाला लागणार. पहिली फेरी जिंकली तेव्हा ते म्हणाले, "छान." दुसरी जिंकली तेव्हा काहीच म्हणाले नाहीत, फक्त कॅलेंडर बघितलं. आता तिसरी.

बोर्ड झाल्यावर किटबॅग खाली येईल, पण तोवर शाळा संपलेली असेल. कॉलेजचं क्रिकेट वेगळं, तिथे नव्याने निवड, आणि एकोणीस धावा करणाऱ्या कीपरला कोण बोलावतं? हे त्याला माहीत आहे. परवा मी त्याला विचारलं, टेन्शन आलंय का? तर म्हणाला, "हरायचं नाही मामा, पण मागे बॉल गेला तर जास्त वाईट वाटेल." मी गप्प बसलो. दहावीतल्या मुलाला याहून जास्त क्रिकेट कळावं अशी माझी अपेक्षा नाही.

आणखी एक बातमी, जी फक्त घरच्यांसाठी आहे. काल ताईला भाऊजींच्या शर्टाच्या खिशात रजेच्या अर्जाची झेरॉक्स सापडली. उद्या आणि परवा, दोन दिवस, कारण 'घरगुती काम'. त्यांनी घरात कुणाला सांगितलेलं नाही. ताईनेही त्यांना दाखवलं नाही, कागद परत खिशात ठेवून दिला. मलाही बोलू नकोस म्हणाली, म्हणून इथे लिहितोय. भाऊजी हे वाचत नाहीत.

तर आता अंदाज, हातचं न राखता. टॉस त्यांनी जिंकला तर ते बॅटिंग घेतील आणि साडेतीनशेच्या पुढे जातील. आमचा डाव दोनशेच्या आसपास संपेल. आघाडी त्यांची, मॅच त्यांची. टॉस आपण जिंकला, तर दहात चार. शिवडीकराने पहिल्या पाच ओव्हरमध्ये डावखुऱ्याच्या बॅटची कड घेतली, आणि ती कड भाच्याच्या उजव्या हाताला आली, तर निम्मी-निम्मी. यापुढे मी जाणार नाही. बघायला येणाऱ्यांनी धावफलकाबरोबर थोडं तंबूकडेही बघा. तिथे कुणीतरी पॅड बांधून बसलेला असेल.

येणाऱ्यांसाठी सूचना. जीटीबी नगरहून सात चाळीसच्या सुमाराची गाडी धरा, त्यानंतर किटबॅगसकट चढणं म्हणजे मॅचआधीच दुखापत. मुलं मालडब्यातून जातील, त्यांच्या मागे लागू नका. सीएसएमटीला उतरून भुयारी रस्त्याने पलीकडे. टोपी आणि पाण्याची बाटली आपापली आणावी. वडापाव माझ्याकडून, पण लंचलाच. भाऊजी कुठे एखाद्या झाडाखाली दिसले तर ओळख दाखवू नका.

टीम हरली तर परवा संध्याकाळी मी ताईकडे असेन, माळ्यावर चढायला स्टूल धरावं लागतं. जिंकली तर पुढची मॅच आठवड्याने, तिथेच.